शिक्षकांचा शिक्षक : पेस्टालॉझी

आपल्या कला शाखेत गणित हा शब्द बहुधा दबक्या आवाजात उच्चारला जातो. दहावीचा निकाल लागला आणि गणित कायमचे सुटले, या समाधानातच आपल्यापैकी कित्येकांनी या महाविद्यालयाची पायरी चढली आहे. मीही त्यांतलाच एक. परंतु दैवाची गंमत अशी, की पदवी हाती पडल्यावर आपल्यातलेच बरेच जण बी. एड.ची वाट धरतात. आणि लहान गावातल्या शाळेत मराठीचा किंवा इतिहासाचा शिक्षक म्हणून रुजू झालेल्या माणसाच्या वाट्याला सातवीचा गणिताचा तास कोणत्या दिवशी येईल, याचा काही नेम नसतो. ज्या विषयाला आपण एकदा रामराम ठोकला, तोच विषय हातात खडू घेऊन, समोर बसलेल्या चाळीस मुलांना समजावून सांगण्याचा प्रसंग उभा राहतो. त्या वेळी काय करावयाचे?

हा प्रश्न मनात घेऊन मी एका माणसाचे चरित्र वाचले. शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याचे नाव सापडते. निरीक्षणातून शिक्षण, सोप्याकडून कठिणाकडे, अशी दोनचार सूत्रे त्या नावाखाली छापलेली असतात. परीक्षेत त्यावर टीप लिहावी लागते आणि पेपर देऊन बाहेर पडल्यावर ती विसरूनही जाते. पण त्या टिपेमागचा माणूस मात्र सहजासहजी विसरता येण्यासारखा नाही. अक्षर गबाळे, शुद्धलेखन कच्चे, पोशाखाकडे लक्ष नाही, व्यवहारात पदोपदी ठेच लागलेली, आकडेमोडीतही विशेष गती नाही. आणि तरीही साऱ्या युरोपातील शिक्षक अंकगणित कसे शिकवावे हे शिकण्यासाठी त्याच्या दारी येऊन राहिले! त्याचे नाव योहान हाइनरिख पेस्टालॉझी.

पेस्टालॉझीचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते निवर्तले. मरतेसमयी त्यांनी घरातील बाबेली नावाच्या मोलकरणीकडून, या कुटुंबाला सोडून जाणार नाही, असा शब्द घेतला आणि त्या बाईने तो जन्मभर पाळला. आई आणि बाबेली या दोन स्त्रियांच्या पंखाखाली, चार भिंतींच्या आत, काटकसरीत हे पोर वाढले. बाहेरच्या मुलांत मिसळण्याची सवय नसल्याने शाळेत त्याची थट्टा होई. सुटीत मात्र तो आजोबांकडे होंग या खेड्यात जाई. आजोबा तेथील धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर खेड्यातील गरिबांच्या घरी जाताना दारिद्र्य म्हणजे काय, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले. आणि एकदा पाहिलेले ते चित्र पुढची सत्तर वर्षे त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाही.

विद्यार्थिदशेत त्याच्या हाती रूसोचे ‘एमिल’ हे पुस्तक पडले. ते १७६२ साली प्रसिद्ध झाले होते आणि पॅरिस व जिनीव्हा येथे त्याची जाहीर होळीही झाली होती. तरुण पिढीवर अशा पुस्तकाचा जो परिणाम व्हावयाचा, तोच येथेही झाला. पुस्तकी विद्या सोडून मातीकडे जावे, शेतकरी व्हावे, असे पेस्टालॉझीने ठरविले. १७६९ साली आन्ना शुल्थेस हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी आणि सुखवस्तू घरातली. बिर या गावाजवळ जमीन घेऊन त्यांनी घर बांधले, त्याला नाव दिले नॉयहॉफ, म्हणजे नवी वाडी. १७७० साली मुलगा झाला. त्याचे नाव रूसोच्या नावावरून ठेवले.

शेती बुडाली. जमीन हलकी, अनुभव शून्य आणि कर्ज भारी, असा तो त्रिवेणी संगम होता. पण बुडालेल्या शेतकऱ्याने काय करावे? त्याने आसपासची भिकेला लागलेली मुले घरी आणली! त्यांनी सूत कातावे, विणावे, शेतावर काम करावे आणि कामाबरोबर लिहिणे-वाचणे व हिशेब शिकावे, अशी ती योजना होती. १७७४ पासून १७८० पर्यंत हा प्रयोग चालला आणि तोही बुडाला. बायकोचा पैसा त्यात गेला. चाळिशीही न गाठलेला हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने पुरता वाया गेलेला ठरला.

येथपर्यंतची हकीकत वाचताना माझ्या मनात सारखे येत होते, की या माणसाचा गणिताशी संबंध तो काय? तो संबंध पहिल्यांदा दिसतो एका कादंबरीत. १७८१ साली पेस्टालॉझीने ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ ही कथा लिहिली व ती एकदम लोकप्रिय झाली. तीतील गेर्ट्रूड ही एका गवंड्याची बायको, घरात कच्चीबच्ची, हातात चरखा. ती मुलांना वेगळे असे काही शिकवावयास बसत नाही. सूत कातताना धागे मोजावयास लावते, खोलीची लांबी पावलांनी मोजून घेते, खिडकीच्या तावदानांच्या ओळी दाखवून त्यांतूनच पाच आणि दहा यांचे नाते उलगडते. मराठी वाचकाला हे वाचून १९३७ सालच्या वर्धा शिक्षण परिषदेची आणि टकळीभोवती गुंफलेल्या मूलोद्योगी शिक्षणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. गरिबाच्या घरात जे असते तेवढ्यावरच शिक्षण उभारावयाचे ठरविले, की दोन वेगळ्या देशांतील माणसेही सुतापाशीच येऊन पोहोचतात, एवढेच.

कादंबरीने कीर्ती मिळाली, पण शाळा मिळाली नाही. पुढची जवळजवळ अठरा वर्षे पेस्टालॉझीने लेखणीवर काढली. १७९२ साली क्रांतिकारक फ्रान्सने ज्या परदेशीयांना सन्माननीय नागरिकत्व दिले, त्यांत त्याचे नाव होते. खरी संधी आली ती मात्र रक्तपातातून. १७९८ च्या सप्टेंबरात फ्रेंच सैन्याने स्टान्स गावचा व आसपासच्या मुलखाचा उठाव चिरडून टाकला. गाव जळाले, माणसे मेली, मागे उरली ती पोरकी मुले. नव्या स्विस सरकारने त्या मुलांसाठी अनाथालय काढण्याचे काम पेस्टालॉझीवर सोपविले. तो बावन्न वर्षांचा होता. एका मठाच्या अर्धवट दुरुस्त केलेल्या इमारतीत, केवळ एका कामवाल्या बाईच्या मदतीने त्याने १७९९ च्या जानेवारीत सुमारे ऐंशी मुले सांभाळावयास घेतली. मुले खरजेने भरलेली, भेदरलेली. काही निगरगट्टही होती. गाव त्याच्याकडे संशयाने पाहत होते, कारण तो प्रॉटेस्टंट आणि गाव कॅथलिक. शिवाय ज्या सरकारने गाव जाळू दिले, त्याच सरकारचा तो माणूस.

एकटा माणूस ऐंशी मुलांना शिकविणार कसा? पेस्टालॉझीने ज्या मुलाला थोडे समजले, त्याला दोन धाकट्या मुलांच्या मध्ये बसविले आणि आपल्याला आले ते त्यांना दाखवावयास सांगितले. मला वाटते, त्याच्या आयुष्यातील शिक्षक-प्रशिक्षणाचा हा पहिला वर्ग होय. सहा महिनेही झाले नाहीत तोच, जूनमध्ये, ती इमारत लष्करी इस्पितळासाठी घेतली गेली. अनाथालय संपले. पेस्टालॉझीची प्रकृतीही पार ढासळली होती.

थोडी विश्रांती घेऊन तो बुर्गडॉर्फ या गावी आला आणि आपल्याला शिकवू द्यावे, एवढीच मागणी त्याने केली. त्याला जागा मिळाली ती गावाच्या खालच्या अंगाच्या, उपऱ्या गरिबांच्या मुलांच्या शाळेत. तेथला मास्तर व्यवसायाने चांभार होता. जोडे शिवता शिवता मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करून घेणे, ही त्याची शिकविण्याची रीत. या नव्या म्हाताऱ्याजवळ ना पुस्तक, ना पाटी, ना घोकंपट्टी! आपल्या मुलांवर कसले प्रयोग चालले आहेत, असा पालकांनीही गिल्ला केला, आणि कादंबरीमुळे युरोपात नाव झालेल्या त्या माणसाला चांभाराच्या शाळेतून काढता पाय घ्यावा लागला. दुसऱ्या एका लहान मुलांच्या शाळेत त्याला आसरा मिळाला. तेथे मात्र आठ महिन्यांतच त्याच्या मुलांची प्रगती पाहून परीक्षक चकित झाले.

त्या काळातला एक विद्यार्थी योहानेस रामझाउअर याने आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांतील एक तपशील मला फार बोलका वाटला. वर्गाच्या भिंतीवर जुना, फाटका आच्छादनाचा कागद होता. पेस्टालॉझी मुलांना त्या भिंतीसमोर उभे करी आणि त्यावर पडलेल्या भोकांकडे बघावयास सांगे. भोके किती? त्यांचा आकार कसा? एक दुसऱ्याच्या वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, लांब की आखूड? भिंतीच्या भोकांपासून गणना, भूमिती आणि भाषा या तिन्ही गोष्टी सुरू होत. संख्या, आकार आणि शब्द ही ज्ञानाची तीन मुळे आहेत, असा जो सिद्धांत त्याने १८०१ साली ‘गेर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकविते’ या पुस्तकात मांडला, त्याचा उगम अशा फाटक्या भिंतीत आहे. रामझाउअर हेही सांगतो, की पेस्टालॉझी घसा बसेपर्यंत ओरडून सांगे आणि मुले त्याच्यामागून एकसुरात म्हणत. म्हणजे ज्या घोकंपट्टीवर त्याने शस्त्र उपसले, ती त्याच्याही वर्गात मागील दाराने शिरलीच होती. हा दोष पुढेही त्याच्या संस्थेचा पिच्छा सोडणार नव्हता.

याच सुमारास एकट्याचे काम अनेकांचे झाले. स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात युद्ध आणि दुष्काळ यांनी हाहाकार उडविला होता. तेथील वीसपंचवीस गरीब मुलांना घेऊन हेर्मान क्र्यूझी नावाचा तरुण शिक्षक बुर्गडॉर्फला आला. हा क्र्यूझी मूळचा डोंगरवाटेने सुताच्या गाठोड्यांची ने-आण करणारा निरोप्या. गावातील मास्तरची जागा रिकामी झाली म्हणून अठराव्या वर्षी तो मास्तर झाला होता. त्याच्या पाठोपाठ धर्मशास्त्राचा विद्यार्थी टोब्लर आला आणि चित्रकला व संगीत जाणणारा बुस आला. हा बुस पुस्तकबांधणी करणारा कारागीर होता. एक निरोप्या, एक बुकबाइंडर आणि एक अर्धवट राहिलेला धर्मोपदेशक. या तिघांना घेऊन पेस्टालॉझीने बुर्गडॉर्फच्या किल्ल्यात आपली संस्था उघडली. मुलांची शाळा आणि शिक्षक तयार करण्याचे विद्यालय, अशी ती दुहेरी संस्था होती. शिकाऊ शिक्षकांना व्याख्याने झोडून शिकविण्यापेक्षा त्यांनी मुलांच्या शेजारी बसावे, मुले जे करतात ते स्वतः करून पाहावे आणि मगच शिकवावयास उभे राहावे, ही तेथली पद्धत.

आता त्या अंकगणिताकडे वळतो. कारण पेस्टालॉझीची खरी कर्तबगारी तेथे दिसते. १८०३ साली संस्थेने जी प्राथमिक पुस्तके छापली, त्यांत तीन तक्ते होते. पहिला एककांचा तक्ता. आडव्या दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा घरे. पहिल्या ओळीतील प्रत्येक घरात एक रेघ, दुसऱ्या ओळीतील घरात दोन, आणि असे करत दहाव्या ओळीत दहा. आकडा कोठेही नाही! मुलाने बेचे पाढे पाठ करावयाचे नाहीत, तर दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तीन वेळा दोन म्हणजे किती वेळा एक, हे पाहून सांगावयाचे. दुसरा तक्ता अपूर्णांकांचा. यात शंभर चौरस असत. पहिल्या ओळीतले अखंड, दुसऱ्या ओळीतले उभ्या रेघेने दोन भागांत विभागलेले, तिसऱ्यातले तीन भागांत, दहाव्यातले दहा भागांत. तिसऱ्या तक्त्यात हेच चौरस उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी कापलेले.

या तिसऱ्या तक्त्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पाऊण मोठे की दोन तृतीयांश मोठे, हा प्रश्न घ्या. आपण शाळेत छेद समान करतो, म्हणजे तसे करण्याचा नियम वापरतो. पेस्टालॉझीचा शिक्षक काय करील? तो उभे चार आणि आडवे तीन भाग पाडलेल्या चौरसावर बोट ठेवील. त्यात बारा लहान घरे आहेत. उभ्या चार पट्ट्यांपैकी तीन पट्ट्या घेतल्या, की नऊ घरे होतात. आडव्या तीन पट्ट्यांपैकी दोन घेतल्या, की आठ घरे. नऊ मोठे, आठ लहान. आणि फरक एका घराचा, म्हणजे बाराव्या भागाचा. समान छेद हा नियम न राहता डोळ्यांना दिसणारी वस्तू झाली. याच्याही पुढे जाऊ. पाऊणला दोन तृतीयांशाने भागावयाचे आहे. आपल्याला शिकविले गेले, की भाजक उलटा करावा आणि गुणावे. उलटा का करावा, हे विचारण्याची आपली छाती झाली नाही. त्याच चौरसात पाहिले, तर प्रश्न इतकाच उरतो, की नऊ घरांत आठ घरांचा गट किती वेळा बसतो. एक वेळा पूर्ण आणि वर आठवा भाग, म्हणजे नऊ अष्टमांश. उलटे करून गुणले तरी उत्तर तेच येते. पण आता ते उत्तर आपले असते.

आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे बाजारात उभ्या उभ्या पावणेसात शेरांची किंमत सांगत, ती त्या पाठांतराच्या जोरावर. ती विद्या हिणकस होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पोटाच्या हिशेबाला ती पुरेपूर उपयोगी पडली. परंतु जिभेवर बसलेली सवायकी आणि डोळ्यांपुढे उभा राहिलेला सव्वा, यांत अंतर आहे. पहिली गोष्ट विसरली की संपली. दुसरी विसरली तरी पुन्हा मांडून पाहता येते. पेस्टालॉझीची मुलेही तोंडी हिशेबात अत्यंत तयार असत. पाहुण्यांनी घातलेली अपूर्णांकांची गणिते ती कागदाला हात न लावता सोडवीत. फरक एवढाच, की त्यांच्या तोंडी हिशेबाच्या मुळाशी पाहिलेला तक्ता होता.

१८०४ साली राजकीय वारे फिरले आणि बुर्गडॉर्फचा किल्ला सरकारला हवा झाला. पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. अखेर नोयशातेल सरोवराकाठच्या इव्हर्दाँ येथील किल्ल्यात संस्था स्थिरावली आणि तेथे तिने वीस वर्षे काढली. १८०९ च्या सुमारास तेथे दीडशेहून अधिक विद्यार्थी होते आणि शिकाऊ शिक्षकांची संख्या तीसच्या आसपास होती. १८०६ साली नेपोलियनकडून धूळधाण झालेल्या प्रशियाने राष्ट्र पुन्हा उभे करावयाचे तर शाळांपासून सुरुवात केली पाहिजे, असे ठरविले. फिक्टे या तत्त्वज्ञाने आपल्या व्याख्यानांतून पेस्टालॉझीचे नाव पुढे केले होते. प्रशियन सरकारने निवडक तरुण स्वखर्चाने इव्हर्दाँला धाडले. केवळ पद्धतीचे बाह्य रूप उचलून आणू नका, तिच्या मुळाशी असलेली ऊब घेऊन या, असे त्यांना बजावले होते. परत आल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांनी प्रशियाच्या अध्यापक विद्यालयांत काम केले. फ्रोबेल १८०८ ते १८१० या काळात तेथे होता. बालवाडीची कल्पना पुढे त्याच्याच हातून साकार झाली. भूगोलज्ञ कार्ल रिटर येऊन गेला. इंग्लंडच्या चीम गावी चार्ल्स रायनरने १८३१ साली संख्यापाठांचे पुस्तक काढले ते याच परंपरेतील, आणि अमेरिकेत वॉरन कोलबर्नने १८२१ साली काढलेले अंकगणितही पेस्टालॉझीच्याच धर्तीचे होते.

इव्हर्दाँच्या या कथेत दोन तरुण गणितशिक्षक आहेत. त्या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे पेस्टालॉझीचे यश आणि अपयश दोन्ही कळतात.

पहिला योझेफ श्मिड. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातील हा गरीब मुलगा बुर्गडॉर्फला विद्यार्थी म्हणून आला आणि पाहता पाहता संस्थेचा पहिल्या प्रतीचा गणितशिक्षक झाला. गणिताच्या वर्गांची जी ख्याती पसरली, तिचे मोठे श्रेय त्याचे. पण गणिताचे हे यश संस्थेच्या डोक्यात गेले. १८०९ साली स्विस सरकारने पाहणी करण्यासाठी समिती पाठविली. तिचे एक सदस्य, फादर जिरार, हे स्वतः नामांकित शिक्षक होते. गणिताने येथे नको तितकी जागा व्यापली आहे, अशी त्यांची तक्रार होती. आणि समितीचा अहवाल संस्थेला अनुकूल नव्हता. मुलांना विचार करावयास लावण्यासाठी निघालेले तक्ते ठराविक प्रश्नोत्तरांच्या लांबच लांब मालिका बनले होते. शिवाय श्मिड करडा आणि एककल्ली. तत्त्वज्ञ वृत्तीचा नीडरर आणि हिशेबी श्मिड यांच्या भांडणाने संस्था पोखरली गेली. श्मिड १८१० मध्ये सोडून गेला, १८१५ मध्ये परत आला. त्याने पैशाची घडी बसविली, पण जुने सहकारी एकामागून एक निघून गेले. ज्याच्याबरोबर पायी चालत संस्थेचा संसार सुरू झाला, तो क्र्यूझीही गेला.

दुसरा याकोब श्टाइनर. शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षापर्यंत लिहिताही येत नव्हते. अठराव्या वर्षी, १८१४ साली, तो इव्हर्दाँला आला. येथे सिद्धता सांगितली जात नसे. विद्यार्थ्याने ती स्वतः शोधावी, अशी अपेक्षा असे. श्टाइनरला ही हवा मानवली. थोड्याच काळात तो स्वतः शिकवू लागला. १८१८ मध्ये तो तेथून बाहेर पडला आणि पुढे बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाला. एकोणिसाव्या शतकातील थोर भूमितिज्ञांत त्याची गणना होते. पद्धत तीच, तक्ते तेच, किल्लाही तोच. एकाच्या हातात त्यांचे साचे झाले. दुसऱ्याच्या हातात त्यांनी दारे उघडली.

पेस्टालॉझीचे स्वतःचे शेवटचे दिवस कष्टी गेले. फेफऱ्याने पीडित असलेला एकुलता मुलगा १८०१ मध्येच गेला होता. १८०८ च्या नववर्षदिनी सहकाऱ्यांसमोर बोलताना त्याने आपली शवपेटीच मध्ये आणवून ठेवली होती, इतका तो अंतर्गत कलहाने खचला होता. सेहेचाळीस वर्षांचा संसार करून आन्ना १८१५ च्या डिसेंबरात वारली. १८१८ साली, बहात्तर वर्षांचा असताना, त्याने इव्हर्दाँजवळ क्लँदी येथे पुन्हा गरीब मुलांसाठी शाळा काढली. या मुलांतूनच गरिबांचे शिक्षक तयार व्हावेत, हा हेतू. वर्षभरात तीही मोठ्या संस्थेत विलीन झाली. १८२५ साली इव्हर्दाँची संस्था बंद पडली आणि जेथून सुरुवात केली, त्याच नॉयहॉफला तो परतला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्याचे निधन झाले. बिर गावच्या शाळेशेजारी त्याला पुरण्यात आले. १८४६ साली, त्याच्या जन्मशताब्दीस, तेथे स्मारक उभारले गेले.

मित्रहो, या चरित्रात हारांची संख्या मोजली तर ती विजयांपेक्षा कितीतरी जास्त भरेल. नॉयहॉफ बुडाले, स्टान्स मोडले, बुर्गडॉर्फ सुटले, इव्हर्दाँ बंद पडले. पेस्टालॉझीच्या मनात एक मोठी आशा होती. पद्धत इतकी सोपी आणि पायरीपायरीची करावी, की साधारण बुद्धीच्या मास्तराच्या, किंबहुना निरक्षर आईच्याही हातून ती चुकू नये. मला वाटते, नेमकी ही आशा फसली. तक्ता कितीही चांगला असला, तरी त्यावर बोट ठेवून मुलाच्या डोळ्यांकडे पाहणारा शिक्षक नसेल, तर तो तक्ता म्हणजे नुसत्या रेघा असतात. आपल्या शाळांतही रंगीत शैक्षणिक साहित्य भिंतीवर टांगलेले दिसते आणि त्याखाली मुले उत्तरे घोकत असतात. साहित्य पुरविता येते. पाहण्याची सवय पुरविता येत नाही.

दुसरा धोकाही स्पष्ट केला पाहिजे. पेस्टालॉझीला गणितात गती नव्हती, म्हणून आपल्याला नसली तरी चालेल, असा सोयीचा अर्थ यातून काढू नये. क्र्यूझीने पुस्तके रचली नसती, श्मिडने भूमितीचे धडे बांधले नसते, तर तो सिद्धांत कल्पनेतच राहिला असता. शिक्षकाला विषय आलाच पाहिजे. भाजक उलटा करून का गुणावयाचे, हे ज्याला स्वतःला कधी पडताळून पाहावेसे वाटले नाही, तो सातवीच्या मुलाला नियमापलीकडे काय देणार? मात्र विषय येणे आणि विषय न येणारे मूल समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत श्मिड पारंगत होता. दुसरी पेस्टालॉझीजवळ होती, आणि ती त्याने फाटक्या भिंतीच्या शाळेत, ऐंशी अनाथांच्या खोलीत, बुडत्या शेतावर मिळविली होती. शिक्षक घडविणे म्हणजे या दोन गोष्टी एका माणसात आणणे. दोनशे वर्षांपूर्वी ते काम जितके अवघड होते, तितकेच आजही आहे.

येत्या दोनचार वर्षांत आपल्यापैकी कोणाच्या तरी हाती सातवीचा वर्ग येईल. मागच्या बाकावरचे एखादे मूल गणिताच्या तासाला मान खाली घालून बसलेले असेल. त्या मुलाची भीती गणितात पहिला आलेल्या शिक्षकापेक्षा कदाचित आपल्यालाच लवकर ओळखता येईल; कारण ती आपल्या ओळखीची आहे. त्या ओळखीचे भांडवल करून आपण तो तास कसाबसा साजरा करणार, की आदल्या रात्री कागद घेऊन एक चौरस काढून, त्याचे उभे चार आणि आडवे तीन भाग पाडून पाहणार, एवढाच प्रश्न आहे. रेघा मारावयास काही फार गणित लागत नाही.